प्यूटरची ढेप: भंगारातला मग वितळवायच्या आधी काय काय बघायचं

आमच्या शोकेसमधला मलेशियावरनं आलेला मग खाली पडला आणि त्याचा कान तुटला, तेव्हा आई म्हणाली जर्मन सिल्व्हर आहे, भांड्यांच्या मोडीत घालू. मामांनी तो हातात घेतला, कड जरा वाकवून बघितली आणि म्हणाले, "जर्मन न्हवं हे अक्का, ह्यात कथील हाय." मामा म्हंजे मोल्डर माणूस, ओतकामाचे साचे करणारा, आधी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आणि मग शिरोली एमआयडीसी, अख्खं आयुष्य फौंड्रीत गेलंय त्यांचं, त्यामुळं धातूचं ते बोलले की आमच्या घरात पुढं कोण बोलत नाही. तिथनं सुरुवात झाली. मग मी नातेवाईकांकडनं, भंगारवाल्याकडनं असले तुटके मग, फोटोफ्रेम, ॲशट्रे, ट्रॉफ्या गोळा करायला लागले आणि मामांच्या देखरेखीखाली परड्यात वितळवून त्याच्या ढेपा करायला शिकले. आता ओळखीतले बरेच जण विचारतात की कसं करायचं, सोपं आहे का, म्हणून सगळं एकदा नीट लिहितेय.

सोपं आहे का? ओतणं सोपं आहे. वितळवणं तर फारच सोपं. अवघड आहे ते भांड्यात काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही हे ओळखणं, आणि मी जास्त त्याबद्दलच लिहिणार आहे कारण लोक सगळे शेगडी कुठली नि साचा कुठला एवढंच विचारतात.

आधी प्यूटर म्हंजे काय ते. कल्हईवाला तांब्यापितळेच्या भांड्याला आतनं जे चकचकीत पांढरं लावतो ते कथील, इंग्रजीत ज्याला टिन म्हणतात. प्यूटर म्हंजे मुख्यतः हेच कथील, पण नुसतं कथील फार मऊ, त्यात थोडा अँटिमनी नावाचा धातू आणि थोडं तांबं घालून जरा कडक केलेलं. आजकालचं चांगलं प्यूटर धरलं तर साधारण ९२ टक्के कथील, ६ ते ७ टक्के अँटिमनी आणि १ ते २ टक्के तांबं. मलेशियात कथलाच्या खाणी होत्या म्हणून तिथं हा धंदा वाढला, क्वालालंपूरची रॉयल सेलंगोर कंपनी १८८५ पासूनची आहे, ट्रिपला गेलेले लोक जे मग नि फोटोफ्रेम आणतात त्यातलं बरंच तिथलंच असतं. पण जुन्या काळचं, विशेषतः युरोपातलं स्वस्तातलं प्यूटर असायचं त्यात अँटिमनी नसायचा, शिसं असायचं, कधी कधी भरपूर. आणि जर्मन सिल्व्हरचा ह्याच्याशी काही संबंध नाही, ते तांबं, जस्त आणि निकेल, नावात चांदी असली तरी त्यात ना चांदी ना कथील, आणि वितळायला हजार अंशाच्या वर जावं लागतंय, घरच्या शेगडीवर ते नुसतं तापून काळं पडेल.

आता एक गोष्ट मला सुरुवातीला अजिबात कळायची नाही. कथील वितळतं २३२ अंशाला, अँटिमनी ६३० ला आणि तांबं १०८५ ला. मग ३०० अंशावरच्या भांड्यात तांबं कसं काय पातळ राहतं? मामांनी हे चहावर समजावलं. साखर शेगडीवर नुसती ठेवली तर वितळायला १८० च्या वर तापवावी लागते, पण चहात टाकली की १०० च्या आतच गायब होते, कारण चहात ती वितळत नाही, विरघळते. धातूंचं तसंच आहे. पातळ कथील हा चहा आहे आणि बाकीचे धातू त्यात विरघळतात. वितळणं वेगळं, विरघळणं वेगळं, आपल्या भाषेत दोन्हीला वेगळे शब्द आहेत हे किती बरंय, पण आपण ते बोलताना सरमिसळ करतो आणि मग घोटाळा होतो.

घोटाळा कसा ते सांगते. लोकांना वाटतं की चुकून जस्ताची ट्रॉफी भांड्यात गेली तर काय होणार, जस्त ४१९ अंशाला वितळतं, आपलं भांडं ३०० वर आहे, ती तशीच घट्ट राहील, चिमट्यानं काढून टाकू. नाही राहत. ती वितळणार नाही पण हळूहळू विरघळायला लागते, आणि थोडं जरी जस्त गेलं तरी प्यूटरवर सारखी साय धरते, ओतताना धार जड होते आणि ढेपेवर सुरकुत्या पडतात. शिसं तर काय, ३२७ चं असलं तरी कथलाबरोबर आलं की दोघं मिळून १८३ अंशालासुद्धा पातळ होऊ शकतात, सोल्डरिंगची तार तशीच तर बनवतात. म्हंजे शिशाचा एक मग दहा चांगल्या मगांबरोबर गेला की तो दहाही मगांत गेला, आणि परत वेगळा काढायची घरी कुठलीच सोय नाही. दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं आहे ते, आणि वर ढेप बघून कुणालाही कळत नाही, ती तशीच पांढरी चकचकीत दिसते.

म्हणून आधी निवडणं. तांदूळ निवडतो तसं, एकेक वस्तू हातात घेऊन. लोहचुंबक लावायचा, चिकटला तर आत लोखंड आहे, बाजूला. कड वाकवून बघायची, प्यूटर सावकाश वाकतं, जस्ताची ओतीव ट्रॉफी असली की वाकायच्या आधी मोडते आणि आत राखाडी दाणेदार दिसतं. तळाच्या बाजूला, न दिसेल अशा जागी, सोल्डरिंगची गरम इस्त्री टेकवली तर प्यूटर तिथल्या तिथं पाघळतं, पितळ, ॲल्युमिनियम, जर्मन सिल्व्हर ह्यांना काही होत नाही. पांढऱ्या कागदावर कड घासून ओढायची, पेन्सिलीसारखी गडद रेघ उठली तर शिसं बरंच आहे असं समजायचं. वस्तू फिकट चांदीसारखी न दिसता काळपट निळसर झाली असेल तरी शिशाचा संशय घ्यायचा.

आणि ह्या सगळ्यांपेक्षा मला आवडणारी परीक्षा पाण्याची. ही जरा सविस्तर सांगते कारण ह्याला खर्च काहीच नाही आणि शाळेत आर्किमिडीज शिकला असाल तर त्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होईल. वस्तूचं नेहमीसारखं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि काटा शून्य करायचा. आता वस्तूला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवायची पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही, हातात दोरा धरून अधांतरी. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर त्या वस्तूचं आकारमान, कारण वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढाच भार पाण्यावर, म्हंजे काट्यावर येतो. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की घनता. आमचा मलेशियाचा मग ३६५ ग्रॅम भरला आणि पाण्यात काट्यानं ५० दाखवले, ३६५ भागिले ५० म्हंजे ७.३, आणि बिनशिशाच्या प्यूटरची घनता ७.३ च्या आसपासच असते. एका ताटलीचे ४१२ ग्रॅम आणि ५२.५ आले, म्हंजे ७.८५, ती जड निघाली, कारण शिशाची घनता ११.३ आहे आणि ७.८५ म्हंजे अंदाजे पाचवा हिस्सा शिसं. एक ट्रॉफी ३०० ला ४५, म्हंजे ६.७ च्या जवळ, ती जस्ताची ओतीव. तिन्ही वस्तू शेजारी ठेवल्या तर तुम्हाला वेगळ्या सांगता येणार नाहीत, पण पाण्यानं सांगितल्या.

फक्त ह्या परीक्षेवर डोळे झाकून विसंबू नका. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅम इकडंतिकडं करतो, ५० ऐवजी ४९ आले की उत्तर ७.३ चं ७.४५ होतं, आणि ५ टक्के शिसं असलेल्या प्यूटरची घनता ७.४ च्या आसपास येते, म्हंजे तेवढं शिसं काट्याच्या चुकीतच लपतं. सोनाराच्या धर्तीचा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, वस्तूला चिकटलेले बुडबुडे बोटानं पुसून काढा, पोकळ वस्तूत हवा अडकू देऊ नका. आणि मामांचं म्हणणं मला एकदम पटलं की ही नापास करायची परीक्षा आहे, पास करायची नव्हं. आकडा जास्त आला तर वस्तू नक्की बाजूला, आकडा बरोबर आला तरी ती स्वच्छ आहे असं लिहून द्यायचं नाही.

एक सांगायचं राहिलं, तळाला कारागिराचे जुने शिक्के असलेली, खरंच जुनी विलायती वस्तू मिळाली तर ती वितळवू नका. भंगाराच्या भावात तिची किंमत काहीच नसते, वस्तू म्हणून असते, आणि बहुतेक तिच्यात शिसंही असतंच.

मामांनी दुसरी एक गोष्ट सांगितली ती कोल्हापूरकरांना जास्त जवळची वाटेल. जुन्या ऑइल इंजिनांच्या आणि मोठ्या मशिनरीच्या बेअरिंगमध्ये जे व्हाइट मेटल असतं ते प्यूटरचं सख्खं भावंडं. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसानं १८३९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, त्यातला कथलाचा प्रकार म्हंजे साधारण ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी नि तांबं. म्हणून उद्यमनगरात कुणी म्हणालं की व्हाइट मेटलचं भंगार आहे, देऊ का, तर मोह होतो. घेऊ नका, किंवा घेतलं तरी वेगळं ठेवा, कारण शिशाचं व्हाइट मेटलही असतं आणि भंगारात दोन्ही एकाच डब्यात पडलेलं असतं. गाडीच्या चाकाची वजनं आणि सोल्डरची तार तर प्यूटरच्या भांड्याजवळही नकोत.

शिशाबद्दल एवढं का लावून धरलंय? कारण ते शरीरातनं सहजासहजी जात नाही, हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला तर त्याचं थोडंसुद्धा प्रमाण सुरक्षित मानत नाहीत. लोकांना वाटतं धोका वाफेचा आहे. ३०० अंशाला शिशाची वाफ फार होत नाही, खरा धोका वर जमणाऱ्या राखाडी भुकटीचा, ती हाताला लागते, नखात बसते, आणि त्याच हातानं माणूस मावा मळतो नाहीतर वडापाव खातो. म्हणून काम चालू असताना तोंडात काही नाही, चहासुद्धा नाही, काम संपलं की साबणानं कोपरापर्यंत हात, आणि ते कपडे पोरांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. वस्तू बिनशिशाची आहे अशी खात्री असली तरी हेच करायचं, कारण आत्ताच म्हटलं तसं खात्री पूर्ण कधीच नसते.

आता जागा. स्वयंपाकघर नाही, बाल्कनी नाही, उघडी हवा पाहिजे. आमच्याकडं परडं आहे, तुमच्याकडं गच्ची असेल तर चालेल, पण नुसत्या स्लॅबवर किंवा फरशीवर काम करू नका. काँक्रीटमध्ये ओल असते आणि गरम धातू सांडला तर त्याचे टवके उडतात. लोखंडी पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये कोरडी वाळू पसरायची आणि शेगडी, भांडं, साचा सगळं त्या वाळूवर. फौंड्रीत जमिनीवर वाळू का असते ते मला त्या दिवशी कळलं. पायात बंद चामडी बूट, कोल्हापुरी चामड्याची असली तरी वरनं उघडी, एक थेंब पट्ट्यात अडकला तर काढायलासुद्धा वेळ मिळत नाही. पँट बुटाच्या वरनं, बुटात खोचलेली नको. कपडे सुती, टेरिलीन नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. वेल्डरचे चामडी हातमोजे, डोळ्याला गॉगल आणि वरनं फेसशिल्ड. पोरं आणि मांजर घरात.

भांडं लोखंडी किंवा स्टीलचं, जाड बुडाचं, आणि एकदा वापरलं की ते परत स्वयंपाकात कधीच नाही, मी तर त्यावर लाल पेंटनं फुली मारलीय. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. पातळ कथील ॲल्युमिनियमला आतनं पोखरतं, पातेलं वितळत नाही पण कमकुवत होतं, आणि किलोभर गरम धातू उचलताना बूड गेलं तर काय होईल बघा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, डबा नको, कारण वर सांगितलं ते. नॉनस्टिक तर लांबच ठेवा, ह्या तापमानाला त्याचा थर जळून विषारी धूर निघतो.

पाण्याचं मात्र मला स्वतःच्या चुकीतनं कळलं. पहिल्याच वेळी मी हौसेनं सगळे मग साबणानं स्वच्छ धुतले, पुसले, आणि वाटलं कोरडे झाले. पहिला मग वितळला, त्यात दुसरा टाकला, त्याच्या कानाच्या पोकळीत थोडं पाणी राहिलेलं. फाट्टकन आवाज आला आणि पलीकडच्या भिंतीवर चांदीसारखे थेंब चिकटले, ते अजून तिथं आहेत. गॉगल होता आणि मी दोन पावलं लांब होते म्हणून वाचले. मामा ओरडले नाहीत, नुसती शेगडी बंद केली आणि म्हणाले, "पोरी, वितळल्याला धातू आन् पाणी ह्यांचं कधी जमत न्हाई." ह्यातलं विज्ञान असं आहे की पाण्याचा थेंब वरनं पडला तर चुर्र होऊन उडून जातो, पण तोच थेंब धातूच्या खाली गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळजवळ १७०० पट जागा लागते, ती जागा ती वरचा धातू उडवून करून घेते. म्हणून पोकळ वस्तूला आधी भोक पाडा किंवा कापून सपाट करा, काचेचा तळ असलेला मग असेल तर काच काढा, तळाचं मखमलीचं कापड, स्टिकर, रंग, लाकडी मूठ सगळं काढा. सगळा माल आधी थंड भांड्यातच भरायचा, म्हंजे तापता तापता ओल निघून जाते. नंतर भर घालायचीच असली तर तो तुकडा आधी भांड्याच्या काठाशी चांगला तापवून मग चिमट्यानं हळूच सोडायचा, वरनं टाकायचा नाही. चमचा, चिमटा, साचा, सगळी हत्यारं तशीच तापवून घ्यायची. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे कामच करू नका, जून ते सप्टेंबर माझं भांडं माळ्यावर असतं.

वितळायला वेळ लागत नाही. एक किलो प्यूटर थंड असल्यापासनं ३०० अंशापर्यंत न्यायला साधारण १२० किलोज्यूल उष्णता लागते, एक लिटर चहाचं पाणी उकळायला ह्याच्या जवळजवळ अडीच पट. बघता बघता मगाचा आकार ढासळतो आणि खाली पाऱ्यासारखं तळं होतं. किलोभर धातू म्हंजे १३७ मिलिलिटर, फुलपात्रभर, त्यामुळं सांडशीनं उचलायला गेलं की हाताला धक्का बसतो, एवढंसं दिसतं आणि एवढं जड.

आणि इथं फौंड्रीवाल्यांचीसुद्धा फसगत होते. मामांनी आयुष्यभर बीड, म्हंजे ओतीव लोखंड, ओतलं, १३५०-१४०० अंशाचं, ते लालपिवळं भगभगत असतं, लांबनं कळतं की जवळ जायचं नाही. धातू डोळ्याला लाल दिसायला ५०० अंशाच्या वर जावा लागतो. प्यूटर ३०० ला पाण्यासारखं शांत, चमकदार, अजिबात गरम वाटत नाही, आणि ढेप घट्ट झाल्यावर तर आणखी निरुपद्रवी दिसते, तेव्हाही ती २०० अंशाची असते. दिसत नाही म्हणून गार नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तापमान मोजायला मल्टिमीटरला लावायची के टाइप थर्मोकपलची तार चांगली. लांबनं मारायची लेझरची गन चकचकीत धातूवर फसते, खूप कमी आकडा दाखवते, तिच्या नादाला लागू नका. काहीच नसेल तर जुनी रीत, कोरडी देवदाराची काडी धातूत दोन क्षण बुडवायची, तपकिरी झाली तर बरोबर, काळी पडून धूर सोडायला लागली तर धातू जास्त तापला. साधारण ३०० ते ३२० ला ओतायचं. त्याच्या वर नेऊन फायदा काही नाही, वर पिवळीनिळी झाक यायला लागते, म्हंजे तुमचं कथील जळून भुकटी होतंय.

कमी तापमानाचा घोटाळा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. प्यूटर एका ठरावीक आकड्याला वितळत नाही, २४५ च्या आसपास मऊ व्हायला लागतं आणि पूर्ण पातळ व्हायला २९५ पर्यंत जावं लागतं, मधल्या टप्प्यात ते पातळ श्रीखंडासारखं असतं. त्या श्रीखंडातला घट्ट भाग म्हंजे तांबं नि अँटिमनीचे स्फटिक. नवीन माणसाला वाटतं हा वरचा गाळच आहे आणि तो चमच्यानं काढून टाकतो, म्हंजे ज्यानं प्यूटर कडक होतं तेच फेकून दिलं आणि खाली नुसतं मऊ कथील राहिलं. म्हणून आधी पूर्ण पातळ होऊ द्यायचं, ढवळायचं, आणि मगच वरचं काढायचं.

हे वरचं काढणं म्हंजे अगदी गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचं पाणी घालतो, मळी वर गोळा होते, ती तो झाऱ्यानं काढतो, आणि मळी नीट निघाली तरच गूळ पिवळाधमक. इथं भेंडीच्या जागी मेणाचा किंवा राळेचा हरभऱ्याएवढा तुकडा. तो टाकून कोरड्या लोखंडी चमच्यानं ढवळलं की राखाडी सायीत अडकलेला चांगला धातू परत खाली जातो आणि वर सुकी भुकटी तेवढी राहते. मेण पेट घेतं, छोटी ज्योत येते, धूर येतो, त्यामुळं तोंड लांब आणि वारा पाठीकडनं. बरेच जण सोनाराकडं बघून टाकणखार घालतात, त्याचा इथं उपयोग नाही, टाकणखार वितळायलाच सातशेच्या वर लागतात, तो तसाच पांढरा पडून राहतो. नवसागर कल्हईवाला वापरतो पण त्याचा धूर नाकाडोळ्यांना फार झोंबतो, घरी नकोच.

साचा म्हणून मी बिडाचं जुनं आप्पेपात्र वापरते. मामांनी सुचवलं, आणि ह्याच्यापेक्षा चांगला साचा मला तरी सापडला नाही. खळगे वर रुंद खाली निमुळते, त्यामुळं ढेप अडकत नाही, प्रत्येक ढेप साधारण मुठीत मावेल एवढी, पुढं थोडंच वितळवायचं असेल तर एक दोन उचलून घेता येतात. मोठी लादी पाहिजे असेल तर वेल्डिंगवाल्याकडनं लोखंडी अँगलच्या तुकड्याला दोन्ही टोकं बंद करून घ्या. आप्पेपात्राला दिव्याची काजळी धरायची, तेल लावायचं नाही, आणि ते शेजारच्या शेगडीवर पाणी शिंपडल्यावर चुर्र होईल इतकं तापवायचं (शिंपडून बघणं ओतायच्या बरंच आधी, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत थांबायचं). साचा थंड असला तर धार पडल्या पडल्या गोठते आणि ढेपेला थरावर थर दिसतात, फौंड्रीत ह्याला कोल्ड शट म्हणतात.

ओतताना पळी साच्याच्या अगदी जवळ, एक सलग धार, चहा उंचावरनं ओततात तसं नाही, उंचावरनं हवा मिसळते. खळगा पाऊण भरायचा. थांबत थांबत ओतू नका, एका खळग्याला एक धार. ढेप घट्ट होताना मधे थोडी दबते, ते बरोबर आहे, धातू आकसतो. दहा-पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, मग आप्पेपात्र वाळूवर पालथं घालून हळूच ठोकलं की ढेपा टपाटपा पडतात. पहिल्यांदा त्या पडताना बघून मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, अठरा वर्षं शोकेसमध्ये धूळ खात बसलेला मग असा हातात आला होता.

काढलेली भुकटी केरसुणीनं झाडायची नाही, उडते. ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं आणि भुकटी एका झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डब्यावर नाव. पुसापुशी करायची ती सगळं गार झाल्यावरच, ओलं फडकं गरम भांड्याजवळ आणायचं नाही. मोरीत, कचऱ्यात, कुंडीत काही टाकायचं नाही, डबा भरला की नॉनफेरस भंगारवाला घेऊन जातो, त्यात कथील असतं त्यामुळं त्याला ते चालतं.

आणि ढेपेवर खूण. मी अक्षरांच्या पंचानं प्रत्येक ढेपेवर प्यू आणि लॉटचा नंबर ठोकते, आणि वहीत त्या लॉटमध्ये कुठकुठल्या वस्तू गेल्या आणि त्यांची घनता किती होती ते लिहिते. मामा आधी म्हणायचे एवढं कशाला. मग गेल्या दिवाळीच्या आधी गल्लीत कल्हईवाला आला, आई तांब्याचं घंगाळ आणि पितळेची पातेली घेऊन बाहेर गेली, आणि त्यानं परड्यातल्या कट्ट्यावरच्या माझ्या ढेपा बघितल्या. दिसायला कथलासारख्याच. म्हणाला, "वहिनी, कथील महाग झालंय, हे हाय की तुमच्याकडं, ह्याचीच करून देतो, निम्म्या पैशात." आई हो म्हणणारच होती. तो लॉट तीन नंबरचा होता, वहीत त्याच्यापुढं त्या जड ताटलीबद्दल प्रश्नचिन्ह केलेलं, कारण तिचा एक तुकडा आधीच त्यात गेला होता आणि घनता मी नंतर काढली होती. त्या पातेल्यांत आमच्याकडं चिंचेची आमटी होते, ताक होतं, आणि आंबट पदार्थ शिसं ओढून घेतात. कल्हईवाल्याला मी त्याच्याकडच्याच कथलाची कल्हई करायला सांगितली, पूर्ण पैशात. मामांनी तीन नंबरच्या सगळ्या ढेपा उचलल्या, पंच घेतला आणि प्रत्येकीवर प्यूच्या शेजारी अजून एक अक्षर ठोकलं, शि.